हिरवा टाका

कपड्यांच्या धंद्यात एकतीस वर्षं झाली, पण वासाची सवय मला अजून झालेली नाही. ओविनो बाजारात, गोमेसींच्या गल्लीत माझं दुकान. दुकान कसलं डोंबलाचं, चार बांबू, वर पत्रा आणि बसायला लाकडी खोकं. गोमेसी म्हणजे आमच्या बायकांचा समारंभाचा पायघोळ झगा. नव्या गोमेसी वरच्या दोरीवर असतात, खांद्यांची टोकं उभी करून, पुढे कमरेचा रुंद पट्टा सोडून. जुन्या खालच्या दोरीवर. आणि या जुन्या काही परदेशातल्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांतून येत नाहीत, गोऱ्या बायका कुठे गोमेसी घालतात. त्या येतात कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानांतून, नाहीतर मेलेल्या बायकांच्या पेट्यांतून.

सांगते, लाज कसली. जुनी गोमेसी आली की आम्ही ती साबणात बुडवतो, कसाव्याची घट्ट खळ देतो, कोळशाच्या इस्त्रीने कडक करतो आणि वरून गुलाबाचं स्वस्तातलं अत्तर मारतो. मग कोऱ्या प्लास्टिकमध्ये घडी. गिऱ्हाईक नाकाला लावतं आणि म्हणतं, किती छान वास येतोय. येणारच. खळ आणि अत्तर मिळून घामाला दोन तास थोपवतात. दोन तासांनी ती आधीची बाई परत येते, काखेतून. माझी मलाच शिसारी येते. पण सगळी गल्ली हेच करते, म्हणून मीही करते.

त्या मंगळवारी दुपारी मी डबा उघडून बसले होते. समोर जलियाचं लाली-पावडरचं दुकान आहे. तिथे नमुन्याची लिपस्टिक दोरीने टेबलाला बांधून ठेवलेली असते. सकाळपासून ती चाळीस-पन्नास ओठांवरून फिरते. मी जेवताना तिकडे बघत नाही, बघितलं की घास खाली उतरत नाही. त्या दिवशी नेमकी नजर गेली. एक पन्नाशीची जाडजूड बाई ती लिपस्टिक ओठांवर रगडत होती, एकदा नाही, तीनदा. ओठावर ओठ दाबले, बोटाने कड पुसली आणि बोट जलियाच्या टेबलक्लॉथला पुसलं. मग म्हणाली, "हलका माल आहे गं," आणि फुकटात रंगवलेलं ते तोंड घेऊन थेट माझ्याकडे आली.

आमच्याकडे दुकानात पाय ठेवला तरी आधी खुशाली विचारतात. दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, मुलं कशी आहेत. मग काय ते काम. या बाईने यातलं काही केलं नाही.

"सगळ्यात स्वस्त कुठली?" ती म्हणाली.

मी डब्याचं झाकण लावलं. "कोणासाठी हवीय, बाई?"

"आमच्या पोराची क्वांजुला आहे शनिवारी. मुलीच्या आईला द्यायचीय."

क्वांजुलेला मुलगा आपली माणसं घेऊन मुलीच्या दारी जातो आणि तिला रीतसर मागतो. त्यात मुलीच्या आईला दिलेली गोमेसी म्हणजे तिला दिलेला मान. पुढे वीस वर्षं ती बाई ती गोमेसी काढून लोकांना दाखवते. त्या वस्तूसाठी सगळ्यात स्वस्त कुठली असं विचारणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

"मुलीच्या आईची म्हणता, मग वरच्या दोरीवरची बघा," मी म्हटलं.

"कशाला? बुवामाची आहे ती. केळीच्या बागेत चिखलात वावरणारी विधवा बाई. जुळ्यांची आई आहे म्हणून सगळे नालोंगो नालोंगो करत नाचवतात, बाकी काही नाही. तिला सिल्क काय आणि गोणपाट काय."

माझा हात डब्यावर तसाच राहिला. बुवामा गाव केवढं, तिथे विधवा नालोंगो किती आणि शनिवारी क्वांजुला किती जणींच्या दारात असणार? माझ्या भावाची बायको ती. आणि मुलगी म्हणजे आमची रेस्ती.

तरी मी म्हटलं, दुसरी कोणी असेल. माणूस स्वतःला किती फसवतो बघा. तेवढ्यात बाईने पिशवीतून फोन काढला, मोठा आवाज लावला आणि तोंडासमोर आडवा धरला.

"एरियास, इथे नवीचे भाव ऐकून चक्कर येईल. जुनी घेऊ का?"

"घे ना, सेंगा, कसलीही घे," पलीकडून आवाज आला. "धुऊन, अत्तर मारून देतात ते लोक. त्या म्हातारीला काय कळतंय? आणि उरलेले तुझ्याकडेच ठेव, शनिवारच्या गाडीला लागतील मला."

तो आवाज मी तीन महिन्यांपूर्वी माझ्या घरात ऐकला होता. चटईवर मांडी घालून बसला होता मेला, आणि म्हणत होता, सेंगा, तुमच्या हातच्या शेंगदाण्याच्या कालवणाला तोड नाही. सेंगा म्हणजे आत्या. ही त्याची आत्या होती आणि मी रेस्तीची. आमच्यात मुलगा बघायचा, पारखायचा आणि हो किंवा नाही म्हणायचं, हे सगळं आत्याच्या हातात असतं. भाऊ गेल्यापासून रेस्तीसाठी तर मीच. त्या कालवणाच्या दोन वाट्या त्याने पुसून खाल्ल्या आणि मी रेस्तीला सांगितलं, पोरगा चांगला आहे. माझं दुकान ओविनोत कुठे आहे हे त्याने कधी विचारलंही नाही, त्यामुळे आत्याला सांगणार काय?

तिथल्या तिथे उठून त्या बाईला पट्ट्याला धरून गल्लीबाहेर काढावं असं वाटलं. पण रेस्ती बत्तीस वर्षांची. आधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलेलं. मांडव सांगितलेला, नालोंगोने घराची पुढची भिंत स्वतः पांढऱ्या मातीने सारवलेली. मी मनाशी म्हटलं, पुरुष असतात चिकट, आणि आत्याशी फोनवर कोण काय बोलतो त्याला काही अर्थ नसतो. कसलं काय, मी घाबरले. हे असं सरळ सांगितलेलं बरं.

मग मी वेगळंच केलं. आकड्याची काठी घेतली आणि वरच्या दोरीवरून वाइनच्या रंगाची, चांदीच्या पानांची सिल्कची गोमेसी उतरवली. माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली. नालोंगोने मेलेल्या बाईचा कपडा घालून चारचौघांत बसावं हे मला सहन होणार नव्हतं.

"ही घ्या. जुनीच्या भावात देते."

बाईचे रंगवलेले ओठ वाकडे झाले. "का? फाटकी आहे?"

"नाही. सकाळपासून भवानी झालेली नाही."

तिने गोमेसी हुंगली, उलटी केली, पान नखाने खरवडून बघितलं. वर तिच्यातही घासाघीस केली. पट्ट्याला लावायची पिन फुकट मागितली, मी दिली. नकली मोत्यांची माळ मागितली, तीही दिली. जाताना म्हणाली, "तुम्ही ओविनोवाल्या लुटता लोकांना."

मी जाऊन हात धुतले आणि डबा जलियाच्या मुलाला देऊन टाकला. भूक मेली होती.

शनिवारी बुवामाला पहाटेपासून केळीच्या पानांत मटोके, म्हणजे हिरवी केळी, वाफवत होते. अंगणात दोन मांडव समोरासमोर, एक आमचा, एक पाहुण्यांचा. आमच्या घरात आईची गोमेसी मुलाकडच्यांनी सकाळीच पाठवायची पद्धत आहे, म्हणजे पाहुणे येतील तेव्हा ती तीच घालून बसलेली दिसते. नऊ वाजता मोटारसायकलवरून पुडकं आलं. मी आत नारळाच्या तेलाने रेस्तीच्या पायांना मालिश करत होते. हात पुसून निघाले, म्हटलं, नालोंगोचा चेहरा बघू या.

कागद अर्धा फाटला नव्हता तोच गुलाबाचं अत्तर आलं.

पुडक्यातून निघाली ती पिवळी गोमेसी, हिरव्या फुलांची. खळीने पत्र्यासारखी कडक. मी बोट लावलं तर ताठ कापड कुरकुरलं. बाजूच्या दोन बटणांतलं एक काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं आणि काखेत, इस्त्रीच्या खाली, तपकिरी कडं. ज्याला धंदा ठाऊक नाही त्याला ते दिसणार नाही. मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसेना.

"बघ तरी, वास कसला छान येतोय," नालोंगो म्हणाली. "दे, बांध गं पट्टा. माझा हात मागे पोचत नाही."

मी पट्टा बांधला. काय करणार होते? कोणा मेलेल्या बाईचा घाम मी स्वतःच्या हाताने माझ्या वहिनीच्या अंगाला गुंडाळला आणि वर म्हटलं, छान दिसतेस. ती आरशासमोर वळून वळून बघत होती. तिच्या मागे उभं राहून मला ओकारी येत होती, त्या कपड्याची, त्या पोराची आणि माझ्या धंद्याचीसुद्धा.

एक शंका होती अजून. वाटलं, बदलून घेतली असेल, रंग आवडला नसेल. अकरा वाजता ढोल सुरू झाले आणि पाहुणे रांगेने अंगणात शिरले. पुरुष पांढऱ्या पायघोळ कान्झूंत, मागे बायका. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. बायकांच्या रांगेत सगळ्यात पुढे ती, लोविन्सा. तिचं नाव मला तेव्हाच कळलं, कोणीतरी हाक मारली म्हणून. वाइनच्या रंगाचं सिल्क, चांदीची पानं उन्हात चमकताहेत, गळ्यात माझ्या नकली मोत्यांची माळ, पट्ट्याला माझी पिन. मान अशी ताठ, जणू सगळं तिनेच विणलंय.

मी खिडकीपासून मागे आले आणि रेस्तीच्या खोलीत जाऊन दाराला कडी लावली.

मेकअप करणारी पोरगी तिच्या ओठांना रंग लावत होती. मी तिला बाहेर घालवलं. रेस्तीचा वरचा ओठ रंगलेला, खालचा कोरा.

"काय झालं, सेंगा?"

मी सांगितलं. मंगळवार, फोन, सिल्क, पिवळी, लोविन्सा. एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबले असते तर पुढचं गिळून टाकलं असतं.

रेस्ती म्हणाली, "आईच्या गोमेसीचे पैसे मी दिले होते त्याला."

"तू?"

"सगळ्याच मुली देतात गं, हल्ली. त्याच्याकडे नव्हते. म्हणाला, माझी लाज जाईल. म्हटलं, बाकी भेटींच्या टोपल्या कशाही भर, फक्त आईची नवी आण, सिल्कची आण. तिने जन्मात कोरी गोमेसी घातलेली नाही." तिने हातातला आरसा उपडा ठेवला. "दोन नव्या आल्या असत्या, इतके दिले होते."

मला तेव्हा ते फोनवरचं 'उरलेले' आठवलं. तळपायाची आग मस्तकात गेली. आईचा मान लेकीच्याच पैशाने आणि त्यातूनही हा चोरून खाणार. माझ्या कालवणाच्या वाट्या चाटल्या त्या जिभेने.

"मंगळवारी का नाही सांगितलंस मला?" रेस्तीने विचारलं.

"भ्याले."

"तूच म्हणाली होतीस, चांगला आहे."

"म्हणाले होते. जळो माझं तोंड."

बाहेर आमच्या बाजूने बोलायला नेमलेला बोलका माईकवर त्यांच्या बोलक्याची फिरकी घेत होता. तुमची बैलगाडी वाट चुकली का, तुम्ही पलीकडच्या घरी निघाला होता का, असलं नेहमीचं. लोक हसत होते. आता कोणत्याही क्षणी तो मला हाक मारणार होता. मुलीच्या आत्याने हातात फूल घेऊन यायचं, पाहुण्यांच्या रांगांत फिरायचं, मुलगा शोधून काढायचा आणि त्याच्या छातीला फूल लावायचं. मी ओळखलं तर तो जावई. तोवर त्या मांडवात बसलेला प्रत्येक जण नुसता पाहुणा.

"आईने घातलीय?" रेस्ती म्हणाली.

"घातलीय. बसलीय पुढे."

"वास येतोय?"

"अजून नाही. साडेअकरापर्यंत नाही यायचा."

ती उठली, टेबलावरचा कापूस घेतला आणि ओठाचा रंग पुसून काढला. सावकाश पुसला, डाग राहू दिला नाही.

"तुला बोलावताहेत," ती म्हणाली. "जा. नीट शोध. माझा माणूस त्यांच्यात असला तरच आण."

मी फुलाचं ताट घेऊन बाहेर आले. ढोल वाजले, आमच्या बायकांनी जिभा वाजवून आनंदाचा गजर केला. बोलका म्हणाला, "आल्या आमच्या सेंगा. यांच्या डोळ्यांतून डासही सुटत नाही. शोधा, सेंगा, कुठे लपलाय तुमचा जावई."

मी गुडघे टेकून पाहुण्यांना नमस्कार केला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. एका म्हाताऱ्यासमोर थांबले, लोक हसले. एका टकल्या गृहस्थाचं तोंड निरखून बघितलं, आणखी हसले. दुसऱ्या रांगेत बायका होत्या. लोविन्साने वर बघितलं, मला ओळखायला तिला क्षणभर लागला. मग तिचं तोंड उघडं पडलं. लिपस्टिकचा रंग तोच, कडेला पसरलेला.

मी खाली वाकले आणि तिच्या पट्ट्याचं टोक उलटं केलं. आमच्या गल्लीत गोमेसी एकमेकींच्या दोऱ्यांवर मिसळतात, म्हणून जी ती पट्ट्याच्या आत आपल्या रंगाचा टाका घालते. माझा हिरवा.

"हा टाका माझा आहे, बाई," मी हळूच म्हटलं. "ही मी नालोंगोसाठी विकली होती."

तिने पट्टा माझ्या हातातून ओढला. तिच्या शेजारणी वाकून बघायला लागल्या.

तिसऱ्या रांगेत मधोमध एरियास बसला होता. कोरा कान्झू, वर कोट, चकाकते बूट. गोमेसीतून उरवलेले पैसे नीट कामी आले होते. माझ्याकडे बघून गालात हसला आणि छाती थोडी पुढे केली, फुलासाठी. मी त्याच्यासमोर थांबले. गुडघे टेकले नाहीत. त्याचा चेहरा वरपासून खालपर्यंत बघितला आणि पुढे गेले.

लोक खदखदून हसले. त्यांना वाटलं, म्हातारी खेळवतेय. बोलका म्हणाला, "सेंगांचा चष्मा घरी राहिला वाटतं."

मी चौथी रांग बघितली, पाचवी बघितली. मग आमच्या मांडवाकडे आले आणि माईक मागून घेतला.

"सगळे बघितले," मी म्हटलं. "आमच्या रेस्तीचा माणूस यांच्यात नाही."

पुन्हा हशा झाला, पण अर्धाच. एरियास उठून उभा राहिला. "सेंगा, मी इथे आहे की," तो म्हणाला, अजून हसतच.

"बसा, बाबा," मी म्हटलं. "मी तुम्हाला ओळखत नाही."

मग कोणी हसलं नाही. त्यांच्या बोलक्याने आमच्या बोलक्याकडे बघितलं, आमच्याने माझ्याकडे. थोरली माणसं उठली, कुजबुज सुरू झाली, कोणीतरी घराच्या दाराकडे बोट केलं. रेस्ती तिथे येऊन उभी होती. रोजचा निळा फ्रॉक, कोरे ओठ. ती नुसती उभी राहिली. तेवढ्यानेच सगळ्यांना कळलं की म्हातारी खेळवत नाहीये.

मी फुलाचं ताट जमिनीवर ठेवलं आणि नालोंगोच्या शेजारी जाऊन बसले. आता ही रडेल, मला बोलेल, आयुष्यभर बोलेल, असं धरून चालले होते. साडेअकरा होऊन गेले होते. तिच्या काखेत खळ विरघळली होती आणि तो वास येत होता, जुना, आंबट, कोणाचा कोण जाणे.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत, ओठ न हलवता म्हणाली, "सकाळी पुडकं फोडल्या फोडल्याच कळलं होतं मला."

"मग घातलीस कशाला?"

"पोरीचं होतंय ना, म्हणून." तिने बाजूचं बटण चाचपलं, ते काळ्या दोऱ्याचं. "चल आत. सोड हिचा पट्टा, मला आंघोळ करायचीय."